टॅक घेताना बोट अडकायची, त्याचं कारण सापडलं

सलग तीन आठवडे आमचा सगळा संशय आमच्या स्वयंचलित शिडाच्या बोटीच्या सुकाणूवर होता. वारा बाजूने असला की बोट झकास धावायची, पण टॅक घ्यायची, म्हणजे वाऱ्यासमोर नागमोडी जाताना वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे वळायची वेळ आली की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याच्या तोंडाशी जाऊन थांबायची, शीड फडफडायचं आणि बोट हळूहळू मागे सरकायला लागायची. सुकाणू किती वळवायचं ते ठरवणाऱ्या पीआयडी या नियंत्रण-सूत्राचे आकडे बदलले, सुकाणूचं पातं मोठं केलं, ते फिरवणारा सर्वो (छोटी मोटर) सुद्धा बदलला. फरक शून्य. दीड मीटरच्या हलक्या बोटीचा वेग वळताना मरणारच, आता मोठीच बांधू, इथपर्यंत चर्चा गेली. मला ते पटत नव्हतं. २०१८मध्ये न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक पार केलेली 'सेलबॉय मेट' ही बिनमाणसांची शिडाची बोट तरी कुठे मोठी होती? जेमतेम २ मीटर.

शेवटी शनिवारी बोटीने नोंदवलेल्या आकड्यांचा लॉग उघडला आणि एकेक ओळ वाचत बसलो. डोलकाठीच्या टोकावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या वातदर्शकात एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर आहे. तो एका फेरीचे ४०९६ भाग करतो, म्हणजे अंशाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक मोजतो. आकडे नीटच होते: ३५८, १, ३५९, २ अंश. वारा थेट नाळेवर. आणि शेजारच्या रकान्यात त्यांची सरासरी: १८०!

म्हणजे वारा समोरून येत असताना बोटीला तो पाठीमागून येतोय असं वाटत होतं. मग नागमोडी जायची गरजच काय? ती टॅक अर्धवट सोडून थेट निशाणाकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातच, नाळ धरायची. वर शिडाची दोरीही पूर्ण सैल. बिचारं सुकाणू सांगितलेलं काम चोख करत होतं.

दुरुस्ती चार ओळींची. कोनांची थेट सरासरी न काढता साइन आणि कोसाइनची वेगवेगळी काढायची आणि त्यांवरून एटॅन२ या गणिती फंक्शनने कोन परत मिळवायचा. काल पाण्यावर बारा टॅक घेतले, अकरा जमले. पहिला जमला तेव्हा शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला 'धप्' करून गेलं आणि ताणलं गेलं. तो आवाज अजून कानात आहे.

बारावा फसला तो वारा पडल्यामुळे. त्यासाठी आता नवा नियम लिहितोय: वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर आधी नाळ वाऱ्यापासून थोडी दूर न्यायची, वेग घ्यायचा आणि मगच वळायचं. झाकणाच्या रबरातून किंचित पाणी झिरपतंय, तेही पुढच्या चाचणीआधी बदलायचंय.