तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी जिवंत ठेवूनच खूण का करायची?

पेशी फोडून आतली प्रथिनं बाहेर काढता येतात, मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वजनावरून ते ओळखणाऱ्या यंत्रावर) त्यांची नावंही कळतात. मग पेशी जिवंत ठेवून, तिच्यात मुद्दाम बदललेलं एन्झाइम घालून, प्रथिनांवर खुणा करण्याचा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न मला वर्गात येतो, इंदूरजवळच्या पीथमपूरला औषध कंपन्यांत लागलेले जुने विद्यार्थी फोनवर विचारतात, आणि इथे इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका तर भेटले की विचारतातच. काकांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्यांचं म्हणणं असं की, "अगं, परीक्षानळीत जे स्वच्छ दिसतं ते पेशीत नेऊन गढूळ का करायचं?" आक्षेप वजनदार आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

पेशी फोडली की प्रथिनांची नावं हाती लागतात, पत्ते जातात. आणि प्रथिनाचं काम पुष्कळदा पत्त्यावर ठरतं. सायटोक्रोम सी घ्या. मायटोकॉन्ड्रियाच्या आत असतं तेव्हा ते इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवतं, म्हणजे पेशीला जगवतं. तेच तिथून गळून बाहेरच्या द्रवात आलं की पेशीच्या मरणाची साखळी सुरू होते. प्रथिन एकच, त्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. पेशी घोटून केलेल्या रसात ही दोन्ही सायटोक्रोम सी सारखीच दिसतात. शिवाय फोडताना आणखी दोन गोष्टी बिघडतात. ज्यांची गाठ जिवंतपणी कधीच पडली नसती अशी प्रथिनं एकमेकांना चिकटतात, आणि ज्यांचं नातं हलकं, क्षणभराचं असतं ती सुटी होतात.

आमच्या इंदुरातल्यांना हे रंगपंचमीच्या गेरवरून, म्हणजे रंग उधळणाऱ्या गाड्यांच्या मिरवणुकीवरून, लगेच कळतं. राजवाड्यासमोर त्या दिवशी जमलेल्या गर्दीतल्या प्रत्येकाचं नाव दुसऱ्या दिवशी लिहून काढलं, तरी कोण कुठल्या गाडीजवळ उभं होतं ते त्या यादीतून कळणार नाही. ते कळतं अंगावरच्या रंगावरून. आमचं एन्झाइम म्हणजे एका ठरावीक जागी उभी केलेली रंगाची गाडी. रंग कोणाचाही असो, पडायला हवा तो गर्दी जागेवर असताना.

हा रंग म्हणजे बायोटिन, ब गटातलं सातवं जीवनसत्त्व. केस गळतात म्हणून ज्या गोळ्या घेतल्या जातात त्यातलंच. (जाता जाता सांगते, कारण घरात कुणीतरी घेत असतंच: थायरॉइड किंवा हृदयाच्या ट्रोपोनिनच्या काही तपासण्या बायोटिनच्याच पकडीवर चालतात. मोठ्या मात्रेची गोळी घेतलेली असेल तर आकडा चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये तसा इशारा दिला आहे. रक्त देण्याआधी डॉक्टरांना गोळीबद्दल सांगा.)

बायोटिन चिकटवणारं एक एन्झाइम ई. कोलाय जिवाणूत असतं, त्याचं नाव बिरा. हे विलक्षण काटेकोर आहे. आधी ते एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्च करून बायोटिनला क्रियाशील बनवतं, मग तो तयार रेणू स्वतःच्या खोबणीत घट्ट धरून ठेवतं, आणि ई. कोलायच्या हजारो प्रथिनांमधून नेमक्या एकाच प्रथिनाच्या एकाच लायसिनवर (प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) नेऊन बसवतं. संशोधकांनी त्याचा हा काटेकोरपणाच मोडला. 118 व्या जागेवरचं अर्जिनीन काढून ग्लायसिन बसवलं की पकड सैल होते. तयार झालेला क्रियाशील बायोटिन खोबणीतून निसटतो आणि साधारण दहा नॅनोमीटरच्या आत जो लायसिन भेटेल त्याला चिकटतो. 2012 मध्ये काइल रू आणि ब्रायन बर्क यांच्या गटानं हे सैल एन्झाइम लॅमिन ए या प्रथिनाला जोडून पेशीत घातलं आणि पद्धतीला बायो-आयडी असं नाव दिलं.

लॅमिन ए हेच प्रथिन का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केंद्रकाच्या आवरणाला आतून अस्तर देणारं हे प्रथिन सहजी विरघळत नाही. ते विरघळवायला जितके जहाल द्रव वापरावेत, तितके त्याचे सोबती आधीच सुटून जातात. काकांच्या परीक्षानळीत या प्रथिनाचे शेजारी स्वच्छ तर सोडाच, दिसतच नव्हते.

इथे बायोटिनची खरी करामत कळते. जिवंत पेशीत खूण होऊन गेल्यावर पेशी फोडायला आमची काहीच हरकत नसते. स्ट्रेप्टाविडिन हे प्रथिन बायोटिनला इतकं घट्ट धरतं की निसर्गातल्या सर्वांत पक्क्या पकडींमध्ये तिची गणना होते. प्रत्यक्ष काम असं चालतं: तपकिरी चुंबकीय मण्यांवर स्ट्रेप्टाविडिन बसवलेलं असतं. पेशींचा रस त्यात घातला, नळी चुंबकाला लावली की मणी एका बाजूला गोळा होऊन भिंतीवर गडद डाग दिसतो आणि उरलेला द्रव नितळ होतो. तो काढून टाकायचा. मग मणी डिटर्जंटनं धुवायचे, खारट द्रावणानं धुवायचे, युरियानं धुवायचे. प्रतिपिंड वापरून प्रथिनं ओढतात तेव्हा असं धुतलं तर हाती काहीच उरणार नाही. इथे खूण असलेलं प्रथिन जागचं हलत नाही, फक्त उगाच चिकटलेलं निघून जातं. शेवटी मणी डिटर्जंटमध्ये जास्तीच्या बायोटिनसकट उकळावे लागतात, तेव्हा कुठे ते सुटतं. पहिल्यांदा हे काम करणाऱ्या मुलांना मी हे धुणंच सर्वांत काळजीपूर्वक करायला लावते.

बायो-आयडीची अडचण वेळाची. खूण व्हायला अठरा ते चोवीस तास लागतात, आणि तेवढ्या वेळात पेशी एकदा विभागूनही जाते. औषध दिल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय हललं हे असल्या एन्झाइमला सांगता येणार नाही.

त्याला वेगळं उत्तर अॅलिस टिंग यांच्या प्रयोगशाळेतून आलं. त्यांनी वनस्पतींतलं अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज घेतलं. आज सर्रास वापरतात ते एपेक्स-2 हे 2015 चं रूप सोयाबीनमधल्या एन्झाइमवरून केलेलं आहे. आमच्या माळव्यात पावसाळ्यात जिकडे पाहावं तिकडे हेच पीक, त्यामुळे हे सांगताना मला दरवेळी आनंद होतो. रोपात हे एन्झाइम क जीवनसत्त्वाच्या मदतीनं हायड्रोजन पेरॉक्साइडचा निचरा करतं. मूळचं ते जोडीनं राहतं. एकेकटं राहावं म्हणून त्यातली काही अमिनो आम्लं बदलली, शिवाय फिनॉलवर जोरात काम करावं म्हणून आणखी बदल केले. पेशींना अर्धा तास बायोटिन-फिनॉल द्यायचं, मग फक्त एक मिनिट पेरॉक्साइड, आणि लगेच प्रक्रिया थांबवायची. त्यातून तयार होणारा बायोटिनचा मूलक (अतिशय क्रियाशील रेणू) एक मिलिसेकंदही टिकत नाही, म्हणून तो लांब जाऊच शकत नाही. 2013 मध्ये याच पद्धतीच्या आधीच्या रूपानं मायटोकॉन्ड्रियाच्या गाभ्यातली 495 प्रथिनं एका यादीत आली. त्यातल्या 31 प्रथिनांचा मायटोकॉन्ड्रियाशी संबंध आधी कुणाला माहीतच नव्हता.

काकांचा पुढचा प्रश्न तयार असतो: पेरॉक्साइड दिलेली पेशी ही जिवंत आणि निरोगी पेशी म्हणायची का? बरोबर विचारतात. जखम धुवायला वापरतात तेच द्रव्य ते. मिनिटभरासाठी पुष्कळ पेशींना चालतं, पण अख्ख्या माशीत किंवा कृमीत ते जपून पोचवणं कठीण. म्हणून टिंग यांचा गट पुन्हा बिराकडे वळला. या वेळी बदल कुठे करायचा हे आधी ठरवलं नाही. बिराची असंख्य उत्परिवर्तित रूपं यीस्टच्या पृष्ठभागावर मांडली, बायोटिन दिलं, ज्यांच्यावर जास्त खूण झाली ते यीस्ट चमक पाहून वेगळे केले, आणि पुन्हा तेच, दरवेळी वेळ कमी करत. अशा दिशा दिलेल्या उत्क्रांतीसाठी फ्रान्सिस अर्नोल्ड यांना 2018 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी हे नवं एन्झाइम प्रसिद्ध झालं, टर्बो-आयडी. त्यात मूळ बिराच्या तुलनेत 15 बदल आहेत, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात. पेरॉक्साइड लागत नाही, नुसतं बायोटिन. माशीत आणि कृमीतही ते चाललं.

आता खबरदारीचं बोलते, कारण विद्यार्थी इथेच घाई करतात. खूण सांगते ती जवळीक. एवढ्यावरून दोन प्रथिनं मिळून काम करतात असं म्हणता येत नाही. स्ट्रेप्टाविडिननं ब्लॉट केला (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून त्यातली बायोटिनवाली पाहिली) की ज्या पेशींत आमचं एन्झाइमच नाही त्यांच्या लेनमध्ये, म्हणजे त्या नमुन्याच्या रांगेतसुद्धा, 75 आणि 130 किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टे दिसतात. ती आपल्या पेशींची स्वतःची कार्बोक्सिलेज एन्झाइम्स, जन्मतःच बायोटिन बाळगणारी. ते पट्टे ओळखता येईपर्यंत मी कुणाला पुढच्या लेन वाचू देत नाही. शिवाय टर्बो-आयडी इतकं उतावीळ आहे की बायोटिन द्यायच्या आधीच पेशीतलं मूळचं बायोटिन वापरून खुणा करू लागतं. म्हणून तेच एन्झाइम कुणालाही न जोडता पेशीत मोकळं सोडलेली तुलना सोबत हवीच. ती नसलेली यादी माझ्यापुढे आली तर मी ती वाचत नाही.

अशा तुलना नीट ठेवल्या तर किती लांब जाता येतं, ते 2021 मध्ये अॅन-क्लोद जिन्ग्रा यांच्या गटानं दाखवलं. पेशीत ठरलेल्या जागी राहणाऱ्या 192 वेगवेगळ्या प्रथिनांना बायो-आयडीचं एन्झाइम जोडून त्यांनी मानवी पेशीतल्या चार हजारांहून अधिक प्रथिनांचे पत्ते नकाशावर मांडले.

काकांसाठी मी एक उदाहरण राखून ठेवलं आहे. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (पेशीतलं पटलांचं जाळं) आणि मायटोकॉन्ड्रिया काही जागी एकमेकांच्या अगदी लगत येतात, मधली फट काही दशक नॅनोमीटरची. कॅल्शियम आणि मेद तिथून पलीकडे जातात. पेशी फोडून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून हा सांधा वेगळा काढायचा म्हटला तर दोन्हीकडचा पुष्कळ माल सोबत येतो. 2020 मध्ये टर्बो-आयडीचेच दोन तुकडे केले गेले. एकटा तुकडा काम करत नाही. एक रेटिक्युलमच्या पटलावर बसवला, दुसरा मायटोकॉन्ड्रियाच्या. दोन्ही तुकडे समोरासमोर येऊन जुळले, तरच आणि तिथेच खूण होते.