क्लॉड बस्टरला ब्रशलेस: मोटर ठरवतानाचा हिशोब

क्लॉड बस्टर या माझ्या जुन्या रिमोटवरच्या मॉन्स्टर ट्रकला ब्रशलेस (म्हणजे आत घासणारे कार्बनचे ब्रश नसलेल्या) मोटरी बसवायचं काम एकदाचं मार्गी लागलंय. मोटरी ठरल्या, वायरिंग झालं, गाडी स्वतःच्या चाकांवर फिरली. यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोटर निवडण्यात, म्हणून आजची नोंद मुख्यतः त्याचीच. जुना तामिया ट्रक घेऊन जे याच टप्प्यावर थांबले असतील त्यांना यातलं बरंच काही उपयोगी पडेल.

ज्यांनी ही गाडी उघडून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने क्लॉड बस्टर १९८७ मध्ये आणला. १/१० स्केल, शेवरोले पिकअपची बॉडी, साधारण १६५ मिलिमीटर व्यासाचे टायर. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकसारखाच, फक्त एक उलटा फिरवून बसवलेला. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या पाठीवर स्वतःची ५४० आकाराची मोटर, त्यामुळे मधे ड्राइव्ह शाफ्ट नावाची गोष्टच नाही. चारही चाकांना ड्राइव्ह आणि चारही चाकांना स्टिअरिंग. मला ही रचना अजूनही विलक्षण वाटते आणि मोटर बदलताना सगळे प्रश्न नेमके तिच्यातूनच उभे राहतात.

पहिला प्रश्न ईएससीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचा. ब्रशवाल्या दोन मोटरी एकाच ईएससीला समांतर जोडल्या की विषय संपतो. ब्रशलेसमध्ये तसं चालत नाही. रोटर कुठे आहे ते बघून ईएससी तीन वायरींमध्ये आळीपाळीने करंट सोडतो आणि दोन वेगळ्या मोटरींचे रोटर कधीच एका जागी नसतात. म्हणजे दोन मोटरी, दोन ईएससी. खर्च दुप्पट होतो, पण ही अट टाळायला वाट नाही.

दुसरा प्रश्न केव्हीचा आणि इथेच बहुतेक जण वाहवत जातात. केव्ही म्हणजे लोड नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला मिळणारे फेरे. ३३०० केव्हीची मोटर पूर्ण चार्ज टू-एस लायपोवर (दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर), म्हणजे ८.४ व्होल्टवर, २७,७२० फेरे मारू बघते. १८०० केव्हीची मोटर त्याच पॅकवर १५,१२०. क्लॉडचे गिअर, आउटपुट शाफ्ट, सस्पेन्शनचे लिंक हे सगळं गाडीसोबत आलेल्या साध्या चंदेरी ५४० ब्रश मोटरसाठी बेतलेलं आहे आणि ती मोटर दुसऱ्या आकड्याच्या आसपासची आहे. त्यात हे टायर जड. वेग घेताना त्यांना फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढाच जोर अ‍ॅक्सलची घरं उलट दिशेने पिळायला लागतो, आणि ती पीळ प्लास्टिकच्या लिंक आणि स्क्रूच्या भोकांवर येते. पस्तीसेक वर्षांच्या प्लास्टिकवर हा भार टाकणं मला मान्य नाही. या गाडीची मजा दगडावर हळूच चाक चढवण्यात आहे, सरळ रस्त्यावर सुसाट पळवण्यात नाही. त्यामुळे १७०० ते २००० केव्हीच्या वर जायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं.

तुमच्या गाडीचा गिअर रेशो माहीत नसेल तर मोजणं सोपं आहे. पिनियनच्या (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) एका दातावर मार्करने खूण करा, डावं-उजवं चाक एकत्र धरून एक पूर्ण फेरा फिरवा आणि खूण किती वेळा वर येते ते मोजा. दोन्ही चाकं बरोबरच फिरवायची. एक चाक दाबून धरलंत तर डिफरन्शियलमुळे दुसरं दुप्पट फिरतं आणि आकडा चुकतो. मोटरचे फेरे भागिले हा रेशो, गुणिले टायरचा परीघ, की गाडीचा वेग मिळतो. १६५ मिलिमीटरच्या टायरचा परीघ जवळपास ५२ सेंटिमीटर भरतो. कागदावर आलेल्या वेगापेक्षा प्रत्यक्षातला कमीच असतो, पण दोन मोटरींची तुलना करायला एवढं पुरतं.

मोटर सेन्सर्ड (आत रोटरची जागा सांगणारे सेन्सर असलेली) की सेन्सरलेस? क्लॉडसाठी माझं उत्तर ठाम आहे: सेन्सर्डच घ्या. सेन्सरलेस ईएससी रोटरची जागा ओळखतो ती फिरत्या मोटरने उलट तयार केलेल्या व्होल्टेजवरून. मोटर थांबलेली असताना हे व्होल्टेज शून्य, म्हणून सुरुवातीला ईएससी अंदाजाने ढकलतो आणि मोटर अडखळते. यालाच आपण कॉगिंग म्हणतो. एका मोटरच्या हलक्या बग्गीत ते चालून जातं. क्लॉडमध्ये दोन मोटरी दोन वेगळ्या क्षणी अडखळतात, पुढचा अ‍ॅक्सल ओढतो तेव्हा मागचा थरथरत असतो आणि गाडी जागच्या जागी कुथते. सेन्सर्ड मोटरमध्ये हॉल सेन्सर असतात, त्यामुळे रोटर कुठे आहे ते थांबलेल्या अवस्थेतही कळतं आणि चाक अगदी इंच-इंच सरकवता येतं.

शेवटी घेतली ती सेन्सर्ड, टू-पोल, २१.५ टर्नची, ३६५० आकाराची एकसारखी जोडी. टर्न म्हणजे वाइंडिंगचे वेढे, ते जितके जास्त तितका केव्ही कमी; पोल म्हणजे रोटरच्या मॅग्नेटचे ध्रुव. टर्नचा आकडा फक्त एकाच बांधणीच्या मोटरींमध्ये तुलनेला वापरा. फोर-पोल मोटरच्या टर्नवरून तिच्या केव्हीचा अंदाज बांधू नका. आकाराचंही बघून घ्या. ३६ मिलिमीटर व्यास, ३.१७ मिलिमीटरचा शाफ्ट आणि २५ मिलिमीटर अंतरावरची एम-थ्री भोकं असतील तर मोटर जुन्या जागी बिनबोभाट बसते. लांब डब्याच्या ताकदवान मोटरींना बऱ्याचदा ५ मिलिमीटरचा शाफ्ट असतो, त्या तिथेच बाद झाल्या. मोटरच्या डब्यातच ईएससी असलेले संचही विचारात होते. वायरिंग फार सुटसुटीत होतं, पण डब्यातला एक भाग गेला की सगळा संच बदलावा लागतो, म्हणून ते सोडले.

पिनियनच्या बाबतीत मॉड्यूल, म्हणजे दातांचा आकार, तपासल्याशिवाय काही विकत घेऊ नका. काही गिअरवर तो पिचमध्ये दिलेला असतो. ३२ पिच म्हणजे ०.७९ मॉड्यूल, ०.८ च्या इतकं जवळ की चालवून घेता येतं. ४८ पिच म्हणजे ०.५३. ते ०.६ मॉड्यूलच्या गिअरवर बसल्यासारखं दिसतं, फिरतंही, आणि हळूहळू दात खाऊन टाकतं.

बसवताना दोन गोष्टी बारकाईने केल्या. मोटरचे स्क्रू आधी प्लेटमधून नुसते घालून किती मिलिमीटर पलीकडे येतात ते मोजलं आणि मोटरच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहिलं. जास्त लांब स्क्रू आत जाऊन वाइंडिंगला टेकतो आणि मोटर पहिल्याच थ्रॉटलला जळते. दुसरी गोष्ट टायमिंगची, म्हणजे रोटरच्या जागेच्या मानाने करंट किती आधी सोडायचा त्याची. या प्रकारच्या मोटरींच्या मागच्या झाकणावर टायमिंगच्या खुणा कोरलेल्या असतात. तीन छोटे स्क्रू सैल केले की झाकण फिरतं. टायमिंग वाढवलं की केव्ही वाढतो, म्हणजे पुढच्या मोटरचं झाकण एका खुणेवर आणि मागच्या मोटरचं दुसऱ्या खुणेवर असेल तर एकाच मॉडेलच्या मोटरीही वेगवेगळ्या वेगाने फिरतात. भिंग घेऊन दोन्ही झाकणं सगळ्यात खालच्या खुणेवर आणली.

आता दिशेचा गुंता. अ‍ॅक्सल उलटसुलट बसवलेले असल्यामुळे गाडी पुढे जायला दोन मोटरींना विरुद्ध दिशेने फिरावं लागतं. सेन्सरलेसमध्ये तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की काम होतं. सेन्सर्डमध्ये हे करायचं नाही! ए ला ए, बी ला बी, सी ला सी हा क्रम मोडला की सेन्सर एक सांगतात आणि वायरी दुसरंच करतात. दिशा ईएससीच्या सेटिंगमधूनच बदलायची. काही ईएससींमध्ये ही सोयच नसते, म्हणून खरेदीआधी मॅन्युअल उघडून ‘मोटर रोटेशन’ची ओळ शोधा. त्याच पानावर दुसरा मोडही बघा, थेट फॉरवर्ड-रिव्हर्सचा, म्हणजेच क्रॉलर मोड. नेहमीच्या मोडमध्ये ट्रिगर एकदा ढकलला की ब्रेक आणि दुसऱ्यांदा ढकलला की रिव्हर्स. दोन ईएससींना मोटर थांबल्याचं एकाच क्षणी कळेल याची खात्री नाही, त्यामुळे एक अ‍ॅक्सल ब्रेक धरून बसतो आणि दुसरा मागे ओढतो. क्रॉलर मोडमध्ये हे भांडण मिटलं.

रिसिव्हरला दोन्ही ईएससी वाय-लीडने (एकाची दोन टोकं करणाऱ्या वायरने) जोडलेत. दोन्हींचे बीईसी (ईएससीमधले, रिसिव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणारे भाग) एकाच वेळी रिसिव्हरला व्होल्टेज द्यायला लागले तर एकमेकांवर चढतात, म्हणून एका प्लगमधली लाल पिन काढली. सुईने प्लास्टिकची जीभ किंचित उचलली की पिन अलगद मागे येते. वायर न कापता तिच्यावर हीटश्रिंक चढवून दुमडून ठेवली, उद्या ती पुन्हा जागेवर जाऊ शकते. जुना पांढरा बॅटरी कनेक्टर दोन मोटरींच्या करंटला गरम होतो, त्याऐवजी जास्त करंट झेलणारा एक्सटी-६० कनेक्टर सोल्डर केला. थ्रॉटल कॅलिब्रेशन दोन्ही ईएससींचं एकेक करून, त्याच ट्रान्समीटरवर, ट्रिम शून्यावर ठेवून केलं. कमी व्होल्टेजचा कट-ऑफही दोन्हीकडे सारखाच ठेवलाय, नाहीतर बॅटरी उतरताना आधी एकच अ‍ॅक्सल झोपतो. पंच, म्हणजे सुरुवातीच्या झटक्याचं सेटिंग, सगळ्यात खाली.

चालवून पाहिलं तेव्हा पहिला फरक आवाजात जाणवला. ब्रशची खरखर गेली आणि गिअरचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. पुठ्ठ्यांच्या ढिगावर गाडी चढवताना पुढचं चाक कडेला टेकवून तिथेच थांबवता येतं, मग थोडं थ्रॉटल, मग मागचं चाक. चंदेरी मोटरींबरोबर इतकं हळू चालवणं मला जमत नव्हतं. वेग जवळपास पूर्वीइतकाच आहे आणि मला तो तसाच हवा होता. बॅटरी संपेपर्यंत चालवूनही मोटरी हाताला कोमट लागतात. थर्मामीटर लावून बघत राहणार आहेच, कारण साध्या दर्जाचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर गेले की कायमचे कमजोर पडू शकतात. माझ्यासाठी ७० अंश ही थांबायची रेषा.

थ्री-एस (तीन सेलची बॅटरी) लावून बघ, असं हमखास कुणीतरी सुचवेल. १८०० केव्हीच्या हिशोबाने १२.६ व्होल्टवर २२,६८० फेरे होतात, म्हणजे सुरुवातीला नाकारलेल्या आकड्याकडे मागच्या दाराने परत जाणं. या गिअरबॉक्सवर नाही लावणार.

गाडीत एकही नवीन भोक पाडलेलं नाही. मूळच्या दोन्ही मोटरी पिनियनसकट तेल लावून डब्यात ठेवल्यात. पुढचं काम स्टिअरिंगचं: चेसिसवरचा एकच सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) लांबलचक रॉडांनी दोन्ही अ‍ॅक्सल वळवतो आणि त्यात ढिलाई फार आहे. प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र सर्व्हो बसवायचा विचार आहे, पण दोन सर्व्होंचा भार आता एकाच बीईसीवर येणार. त्यामुळे सर्व्हो निवडण्याआधी त्या बीईसीची करंटची मर्यादा बघून घेतो.