स्टँड-अप जेट स्की घेतली, पहिले तीन दिवस – माझा अनुभव

बसून चालवायची जेट स्की मी बरीच वर्षं चालवलीय, त्यामुळे स्टँड-अप घेताना वाटलेलं की दोन तासांत जमेल. नाही जमलं. उभं राहायलाच तिसरा दिवस उजाडला आणि त्या तीन दिवसांत जे कळलं ते नवीन घेणाऱ्या कोणाला तरी कामी येईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मशीनबद्दल. मी यामाहाची सुपरजेट घेतली, नवीनवाली. २०२० पर्यंत ही टू-स्ट्रोक यायची, ७०१ सीसी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायला लागायचं. २०२१ पासून फोर-स्ट्रोक आहे, १०४९ सीसी, तीन सिलिंडर, आणि वजन साधारण १७० किलो. दुसरा पर्याय होता कावासाकीची एसएक्स-आर, पण ते १४९८ सीसीचं मोठं धूड आहे, वजनही सुपरजेटपेक्षा बरंच जास्त, शिकायला मला ती नको वाटली. सुपरजेटमध्ये दोन गोष्टी नवख्यांसाठी खरंच चांगल्या आहेत, एक म्हणजे हॅन्डल पोल (ज्या दांड्यावर हॅन्डल बसवलेलं असतं तो) आपल्या उंचीप्रमाणे अ‍ॅडजस्ट होतो आणि दुसरं एल-मोड, त्यात पिकअप आणि स्पीड दोन्हीला लगाम लागतो. सुरुवातीचे दिवस मी एल-मोड बंदच केला नाही.

पाण्यात उतरायच्या आधी मॅन्युअल अख्खं वाचलं. मागचे ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकांची बुचं) घट्ट लावलेत ना बघायचं, इंजिनवरचं झाकण उघडून थोडा वेळ तसंच ठेवायचं म्हणजे आत पेट्रोलची वाफ साठली असेल तर निघून जाते, आणि इंजिन नवं असताना सुरुवातीलाच फुल थ्रॉटल द्यायचं नाही. लाइफ जॅकेट, हेल्मेट, बूट हे सगळे घालतातच, पण खाली वेटसूट घालाच, नुसत्या शॉर्ट्सवर जाऊ नका. पडताना आपण बरोब्बर मागे, जेटच्या, म्हणजे मागे पाणी फेकणाऱ्या नळीच्या तोंडाशी पडतो आणि त्या पाण्याचा जोर एवढा असतो की शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाहीये, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय.

पहिल्या दिवशी पहिली चूक किनाऱ्यावरच केली. गुडघाभर पाण्यातच स्टार्ट केली. निघाली, पण दहा-बारा मीटर गेल्यावर पायाखाली घरघर जाणवायला लागली, आवाज चढतोय पण पुढे जोर नाही. बरोबर माझा मित्र होता, तो जुनी टू-स्ट्रोक चालवतो, त्याने लांबूनच आवाज ऐकून ओरडून सांगितलं, “अगं बंद कर, खडा खाल्लाय तिने!” बाहेर काढून आडवी केली, इनटेकच्या, म्हणजे तळाला पाणी आत ओढायच्या तोंडाच्या जाळीतून बोट घालून बघितलं तर इम्पेलरच्या (पाणी मागे ढकलणाऱ्या पंख्याच्या) पात्याला बोराएवढा खडा अडकलेला. नशीब, पात्याची कड फक्त थोडी खरचटली होती. तळाखाली किमान ६० सेंटीमीटर पाणी हवं म्हणतात, मी आता कमरेच्याही वर पाणी आल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. आणि हो, आडवी करताना किंवा पाण्यात उलटली तर सरळ करताना हवी तशी फिरवायची नाही, मागच्या बाजूला स्टिकरवर बाण दाखवलेला असतो त्याच दिशेने फिरवायची, नाहीतर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जाऊ शकतं.

नंतरचा अख्खा दिवस पडण्यात गेला. मी काय करत होते, ट्रेवर (मागे उभं राहायची सपाट जागा) चढले की लगेच उभं राहायला बघत होते, स्की जागेवर डुलत असतानाच. ती इतकी अरुंद आहे की उभ्या माणसाला थांबलेल्या अवस्थेत धरूच शकत नाही, धपकन आडवी होते. आणि तोल जातोय वाटलं की माझा अंगठा आपोआप थ्रॉटलवरून निघायचा, सायकलवर ब्रेक मारतो तसा. इथेच सगळं बिघडत होतं. जेट स्कीला सुकाणू नसतं, मागच्या नॉझलमधून जे पाणी बाहेर फेकलं जातं तेच तिला वळवतं, मग थ्रॉटल सोडला की हॅन्डल कितीही फिरवा, ती सरळच जाते. शिवाय स्पीड उतरला की ती परत पाण्यात बसते आणि डुलायला लागते. संध्याकाळपर्यंत हाताच्या मुठी वळत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मित्र म्हणाला, “आज उभी राहूच नकोस. पोटावर चालव.” मला आधी ते पटलं नाही पण ऐकलं. मागून छाती ट्रेवर टाकायची, दोन्ही हातांनी हॅन्डल धरायचं, कोपरं ट्रेच्या कडांवर, पाय मागे पाण्यात लांब सोडलेले, आणि हळू थ्रॉटल द्यायचा. स्की आपल्याला ओढत नेते. पुढचं तोंड खाली आलं आणि ती पाण्यावर सपाट धावायला लागली की एक गुडघा आत, मग दुसरा. दिवसभर एवढंच, पोट, गुडघे, डावं वळण, उजवं वळण. गुडघ्यांवर असताना वजन एका बाजूला टाकलं की ती आपसूक वळते हे कळलं, मनगटाचा जोर लावायची गरजच नव्हती. पडले तरी काळजी नव्हती, लॅनयार्ड, म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला, आपण पडलो की इंजिन बंद, स्की जवळच थांबते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी शांत होतं. गुडघ्यांवर थोडा स्पीड घेतला, एक पाऊल पुढे सपाट ठेवलं, अंगठा तसाच दाबलेला, नजर समोर लांब. मित्राचं एकच वाक्य डोक्यात, “खाली बघितलंस की पडलीस.” मग दुसरं पाऊल जरा मागे, गुडघे वाकवलेले. आणि ती हललीच नाही! स्पीडमध्ये ती पायाखाली इतकी स्थिर असते याचा दोन दिवस मला पत्ताच नव्हता. तळव्यांना खालच्या पाण्याची बारीक थरथर लागत होती. पहिल्या वळणाला सवयीने अंगठा सुटणार होता, दात-ओठ खाऊन तो तसाच धरला, डाव्या पायावर वजन टाकलं आणि स्की कलून सुंदर वळली. मी इतक्या जोरात ओरडले की मित्राला वाटलं काही लागलं.

बाहेर काढल्यावर कितीही थकवा असला तरी फ्लश करायचंच, म्हणजे गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवायचं, मिठाचं पाणी असेल तर नक्कीच. क्रम महत्त्वाचा आहे, पाइप जोडायचा, आधी इंजिन चालू आणि मग लगेच पाणी, बंद करताना आधी पाणी आणि मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरतं. शेवटी पाणी बंद केल्यावर दहा-पंधरा सेकंद हलका थ्रॉटल देऊन आत राहिलेलं पाणी बाहेर काढायचं, त्याहून जास्त कोरडी चालवायची नाही.

आता इंजिनचे दहा तास भरत आलेत, म्हणजे पहिली सर्व्हिस. एल-मोड कालच बंद केला, आणि उजवं वळण अजून डाव्याएवढं सफाईदार येत नाही, सध्या रोज तेवढंच घोटतेय.