नाचणारा तोर्केमादा

आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय आणि काही केल्या पचत नाहीये.

अमेरिकन विनोदी दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा 'हिस्टरी ऑफ द वर्ल्ड, पार्ट वन' हा सिनेमा लावला होता, १९८१चा. एकट्यानेच. माझ्याबरोबर बसून असलं काही बघणारं या घरात आता कोण उरलंय, जाऊ दे. अश्मयुगातला पहिला चित्रकार गुहेच्या भिंतीवर चित्र काढतो, आणि जगातला पहिला समीक्षक येऊन त्यावर लघवी करतो. मोझेस देवाच्या पंधरा आज्ञा तीन शिळांवर घेऊन उतरतो, एक शिळा हातातून सुटून फुटते, तर हा गडी लगेच "दहा!" म्हणून मोकळा. इथवर मी मजेत होतो.

मग इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय. स्पेनमधल्या त्या न्यायालयाचा मुख्य तोर्केमादा, तो ब्रुक्स स्वतःच, तांबड्या झग्यात नाचतोय, गातोय. भिंतीला जखडलेले ज्यूही त्याच गाण्यात. नन झगे टाकून पाण्यात सूर मारतात आणि शेवटी त्या पाण्यातून ज्यूंचा दीपवृक्ष वर येतो. त्यावर या उभ्या, डोक्यावर फुलबाज्या तडतडतायत!

आई कोथिंबीर निवडत मागे कधी येऊन बसली कळलंच नाही. "कोण रे हे?" सांगितलं. तरी हसतच होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे आपल्या मंगेशाला कुठ्ठाळी सोडायला लावली तेच ना हे?" आणि देठं गोळा करून आत गेली.

हे स्पेनचं, आपल्याकडचं पोर्तुगीजांचं, असं सांगणार होतो. देवळं पाडणं वेगळं, इन्क्विझिशनचा रोख आधी बाटलेल्यांवर, मंगेशाला कुठ्ठाळीच्या देवळातून हलवलं त्याच १५६० साली ते गोव्यात आलं म्हणून आपण सगळं एकात घालतो, हेही. बोललो नाही. माझं हसू तोवर कुठल्या कुठे गेलं होतं. परक्यांचं होतं तोवर चाललं, घरचं निघाल्यावर घसा सुकला, एवढंच ना? मग आईचा का नाही सुकला? मंगेशीच्या गाभाऱ्यासमोर डोळे पुसणारी बाई ती. कळून-सवरून कशी हसली?

ब्रुक्सचं ठीक आहे, तो ज्यू घरातलाच. त्याचं दुखणं, त्याची थट्टा. मला मेल्याला त्याचा हेवा वाटतो. साडेचारशे वर्षांत आमच्या वाट्याला काय आलं? हळहळ, व्याख्यानं आणि लग्नाच्या पंगतीत काकांचं तेच ते भाषण. बाबांनाही हे कधी... असो.

मग गार्सिया द ऑर्ता आठवला. मुळातला ज्यू, वरून ख्रिस्ती, पोर्तुगालहून गोव्यात आलेला वैद्य. १५६३ साली इथेच वनौषधींवरचं पुस्तक छापलं. १५६८ साली आपल्या मरणाने मेला म्हणून सुटला म्हणावं, तर पुढच्या वर्षी बहिणीला जाळलं आणि १५८०मध्ये याची हाडं उकरून काढून तीही जाळली. मेलेल्या माणसाला देहदंड! ब्रुक्सने हे पडद्यावर घातलं असतं तर लोक म्हणाले असते, फारच ताणतो हा. आणि आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे. तिथल्या बाकावर बसून आई चणे खात शेजारणीशी सुनेच्या कागाळ्या करते.

इथे मात्र मला एकट्यालाच फिसकन हसू आलं. आईला कळायला पुस्तकं लागली नसतील, मला लागली.

जेवताना म्हणते, "उद्या सुरुवातीपासून लाव, मीही बघते." आता आली का पंचाईत! इन्क्विझिशनच्या आधी रोम आहे, आणि तिथे ती सम्राज्ञी सैनिकांची रांग लावून एकेकाची पारख करते. कशाची, ते आईला मी सांगणार नाही. रिमोट माझ्याच हातात ठेवायचा.