तोंड आधीच वाकडं होतं

आईच्या डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २०१४ साली झालं. तेव्हापासून तिचं तोंड डावीकडे ओढलेलं असतं. ओठ पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे प, ब, भ, म नीट उमटत नाहीत. भाकरीची ‘हाकरी’ होते, पाण्याचं ‘हाणी’. घरात आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की माझी धाकटी मुलगी लहानपणी भाकरीला हाकरीच म्हणायची. बाहेरच्या माणसाला मात्र आईचं बोलणं कळत नाही. दारावर भाजीवाला आला की बोलायला कुणीतरी मधे लागतं.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

२० ऑक्टोबर २०२२, वसुबारसेचा आदला दिवस. मी पुण्याच्या मार्केट यार्डात एका भुसार गाळ्यावर दिवाणजी आहे. दिवाळीच्या आधी आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून लवकर उठलो होतो. साडेसहाला आईने तुळशीला पाणी घातलेलं मी पाहिलं. पावणेसातला स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर चहा ओट्यावरून खाली सांडतोय आणि आई डाव्या हाताने उजवा हात धरून उभी आहे. ‘काय झालं गं?’ विचारलं तर ‘ते... ते... ते...’ एवढंच. मी परत विचारलं. परत तेच.

आठ वर्षांत पहिल्यांदा मला तिचं बोलणं कळलं नाही. तिथेच मला समजायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच आलं, गाठ परत आली. गालात, जिभेत, कुठेतरी. आठ वर्षं आम्ही त्याच भीतीत काढली होती, त्यामुळे दुसरं काही डोक्यात येण्याला जागाच नव्हती. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे फोन लावला, साडेदहाची वेळ मिळाली. तोवर आईला पलंगावर झोपवलं, मऊ भात भरवायचा प्रयत्न केला. (हे कधीही करू नका. अशा वेळी घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे मला नंतर कळलं.)

बिबवेवाडीतल्या अप्परहून रिक्षाने निघालो, गंगाधाम चौकात अर्धा तास अडकलो. ओपीडीत डॉक्टरांनी आईला हात वर करायला सांगितले. डावा वर गेला, उजवा अर्ध्यातून खाली आला. ते खुर्चीवरून उठलेच. ‘हा कॅन्सर नाही, पॅरालिसिसचा झटका आहे. किती वाजता सुरू झालं?’ मी म्हटलं पावणेसात. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे आईसाठी सव्वाअकरापर्यंत. दुसऱ्या हॉस्पिटलला पोचून सीटी स्कॅन होईपर्यंत बारा वाजत आले होते. मोठ्या नसेतली गुठळी तारेने ओढून काढायचा उपाय काही रुग्णांमध्ये चोवीस तासांपर्यंतही करता येतो, पण आईची गुठळी पुढे बारीक फांदीत जाऊन बसली होती, तिथे तो उपयोगाचा नव्हता. पावणेसातला मी १०८ ला फोन केला असता तर कदाचित आज तिच्या उजव्या हातात वाटी राहिली असती.

मेंदूच्या डॉक्टरांनी तिथे मला एक प्रश्न विचारला, तो अजून डोक्यातून जात नाही. ‘यांचं रोजचं तोंड कसं दिसतं? फोटो आहे का?’ मी मोबाइल उघडला. पुतणीचं लग्न, मुलीचा वाढदिवस, जेजुरीला गेलो होतो ते. एकेक फोटो मागे सारत गेलो. ऑपरेशननंतरच्या प्रत्येक फोटोत आईने पदर तोंडावर घेतला होता. आठ वर्षांत तिच्या चेहऱ्याचा एक उघडा फोटो माझ्याकडे नव्हता.

लकवा ओळखायचा तर चेहरा, हात आणि बोलणं बघा, असं सगळीकडे सांगतात. बरोबरच आहे ते. पण आईचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता, त्यामुळे उजवा गाल सैल पडून तोंड डावीकडे ओढलं गेलं, आणि ते आधीच डावीकडे ओढलेलं होतं. बोलणं आधीच अडखळतं. तीनातल्या दोन खुणा कॅन्सरने आधीच पुसलेल्या होत्या. राहिला होता फक्त हात, आणि हाताकडे मी पाहिलंच नाही. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरमधून बरी झालेली कितीतरी माणसं आपल्याकडे घराघरांत आहेत. त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आजच त्यांचा बोलतानाचा, हसतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. पदर बाजूला करायला लावा, रागावल्या तरी चालेल. उद्या डॉक्टरांनी ‘रोजचं कसं असतं?’ विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल.

झटका कशामुळे आला, हे तिसऱ्या दिवशी मानेच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत, दिसलं. मानेतून मेंदूकडे जाणारी डावी मोठी रक्तवाहिनी, डॉक्टर तिला कॅरोटिड म्हणतात, ती खूपच अरुंद झाली होती. उजवी बरीच मोकळी होती. २०१४ ला ऑपरेशननंतर आईला तीस लाइट, म्हणजे रेडिएशन, दिले होते, आठवड्याला पाच असे सहा आठवडे, गाल आणि डावी मान धरून. ते किरण राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी मारतात, आणि वाटेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाही इजा करतात. मग तिथे चरबी आणि कॅल्शियमचे थर चढत जातात. हे काही महिन्यांत होत नाही, वर्षं लागतात. म्हणजे २०१९ मध्ये पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून आम्ही सगळ्या चाळीत पेढे वाटत होतो, तेव्हा मानेत आत हे चाललंच होतं.

लाइट दिले ही चूक नव्हती, हे मी स्पष्ट लिहितो. कुणी हे वाचून उपचार नाकारले तर मला ते सहन होणार नाही. त्या लाइटांमुळेच आई २०२२ पर्यंत तुळशीला पाणी घालत होती. आमचं चुकलं ते दुसरीकडे.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फिटनेस तपासताना आईचं बीपी १७० निघालं होतं. गोळी सुरू झाली. लाइट संपले, घरी आलो, आणि वर्षभरात ती गोळी कधी बंद झाली हे कुणालाच आठवत नाही. मेडिकलवाल्याकडची चिठ्ठी संपली असेल. कॅन्सरची फाइल मात्र मी निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेवार लावून, कपाटात कुलपाखाली ठेवली होती. दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचो. तोंड बघायचे, मान चाचपायचे, ‘छान आहे, या सहा महिन्यांनी’. दंडाला पट्टा कुणी बांधला नाही. मीही म्हटलं नाही की बांधा.

त्यात आई ४२ किलोची. लाइटांनंतर घास गिळवत नव्हता, मऊ भात आणि वरणाच्या पलीकडे काही नाही. एवढ्याशा बाईला बीपी आणि चरबी कुठून, असं आम्हाला वाटायचं. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कितीतरी वर्षं हेच सांगितलंय की भारतीय माणूस बाहेरून बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो. त्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो छापला होता. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं सारखंच, २२.३. शरीरातली चरबी मात्र मित्राची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तो फोटो बघितला की आईचा ४२ किलोचा काटा आठवतो.

आणि मीठ. लाइटांनंतर तोंडाला लाळ नसते, चव लागत नाही. आई ताट सरकवायची. मग माझी बायको वरणात चिमूटभर जास्त घालायची, मग आणखी चिमूटभर. निदान दोन घास तरी खाल्ले, याचं आम्हाला समाधान. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक चहाचा चमचा. आई एकटी किती खात होती हे आता मोजणं शक्य नाही. हल्ली वरणात लिंबू आणि जिऱ्याची पूड घालतो. तेवढी नाही, पण चव येते.

वॉर्डात शेजारच्या पलंगावर एक गृहस्थ होते, साठीचे, हडपसरकडचे. बीपी नाही, शुगर नाही, आणि एकाच वेळी मेंदूत तीन ठिकाणी गुठळ्या. डॉक्टरांना ते खटकलं. रक्तात गुठळीची खूण दाखवणारी डी-डायमर नावाची तपासणी केली, ती खूप वाढलेली. मग छातीचा स्कॅन, आणि फुप्फुसात गाठ. त्यांच्याकडे झटका आधी आला आणि कॅन्सर नंतर सापडला. काही कॅन्सर रक्तच दाट करतात, गोठायला लावतात. फुप्फुस, स्वादुपिंड, आतडं यांच्या बाबतीत हे जास्त. निदान झाल्यानंतरचे पहिले काही महिने लकव्याचा धोका सर्वांत जास्त असतो, पुढे कमी होत जातो. हे नवं ज्ञानही नाही. पॅरिसच्या त्रूसो नावाच्या डॉक्टरांनी १८६५ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की शिरांमध्ये विनाकारण गुठळ्या होत असतील तर आत कॅन्सर शोधा. दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्याच शिरेत गुठळी झाली. ती पाहून त्यांनी ओळखलं, आणि त्याच वर्षी पोटाच्या कॅन्सरने ते गेले.

त्या गृहस्थांचा मुलगा आणि मी रात्री व्हरांड्यात बसायचो. तो म्हणायचा, आमच्याकडे कॅन्सर कसा आला कळत नाही. मी म्हणायचो, आमच्याकडे लकवा कसा आला. त्याचे वडील चाळीस वर्षं विडी ओढत होते. माझी आई बाराव्या वर्षापासून मशेरी लावत होती.

मशेरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि ती पूड बोटाने दातांना घासायची. सकाळी, जेवल्यावर, झोपताना. सासवडकडच्या आमच्या गावात घराघरांतून तो वास यायचा. घसा खवखवायचा, आम्ही पोरं अंगणात पळायचो. बाई तंबाखू खाते असं कुणी म्हणायचं नाही, दात घासते म्हणायचे. म्हणून डॉक्टरांनी ‘व्यसन आहे का?’ विचारलं तेव्हा आईने खरेपणाने मान हलवली, नाही. ती पूड गालाशी बसते आणि तिथे कॅन्सर करते. त्यातलंच निकोटीन रक्तात जाऊन नाडी आणि बीपी वाढवतं. एकाच डबीतून दोन्ही आजार.

माझी चुलतवहिनी गावात आशा सेविका आहे. तिच्याकडचा फॉर्म मी पहिल्यांदा नीट वाचला तो या सगळ्यानंतर. २०१० साली सरकारने जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला त्यात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात एकत्रच घेतले होते. तीस वर्षांच्या वरच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर आणि तोंड बघायचं, बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणीही करायची. आम्ही निळ्या पिशवीत जे वेगळं करून ठेवलं होतं ते त्या कागदावर एकाखाली एक छापलेलं होतं. वहिनीने टेप काढून माझी कंबर मोजली, ९७ सेंटिमीटर. एक गुण. वय शेहेचाळीस, दोन. व्यायाम आठवड्याला दीडशे मिनिटांहून कमी, एक. आईला बीपी, दोन. झाले सहा. चारच्या वर गेला की तपासणीला आधी पाठवायचं. ‘भावजी, उद्याच या,’ म्हणाली. गेलो. बीपी १४८ निघालं. आता गोळी चालू आहे, आणि सकाळी पावणेसहाला बिबवेवाडीतून तळजाईपर्यंत चालत जातो.

आईच्या मानेत नंतर स्टेंट बसवला. तिथे आधी ऑपरेशन आणि लाइट दोन्ही झालेले, त्यामुळे मान पुन्हा उघडण्यापेक्षा हे बरं, असं डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी. दर रविवारी बीपी मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या तारखेत आकडा लिहितो. आता तपासणीला जाताना कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर कॅलेंडरची पानंच ठेवतो, आणि मानेचा डॉप्लर कधी करायचा ते मीच विचारतो. बोलणं थोडं परत आलंय. डाव्या हाताने जेवते. ‘हाकरी’ म्हणते, आणि ते ऐकलं की मला बरं वाटतं.

गेल्या रविवारी मावशी आली होती, आईची धाकटी बहीण, बासष्टची. कनवटीला मशेरीची डबी आहेच. जेवण झाल्यावर तिला खिडकीपाशी बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात गाल बघितले. उजव्या गालात आत, दाढेजवळ, पांढरा चट्टा. बोटाने पुसला जात नाही. आईने पलंगावरून डावा हात वर केला आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. बीपी १७६.

सोमवारी दोन्हीसाठी एकदमच नेलं. गोळी त्याच संध्याकाळी सुरू झाली. चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय, रिपोर्ट गुरुवारी मिळेल.