धनुष्याची पाठ

घरी कुणी लहान मुलासाठी लाकडी धनुष्य करायला घेतलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो लाकूड कुठलं. आमच्या भाचीचं धामणीच्या झाडाचं आहे. धामण चिवट म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला नि कावडीला चालायची, तेव्हा पोरीच्या धनुष्याला काय हरकत आहे. पण लाकूड तासून ते दोन्ही बाजूंनी सारखं वाकायला लागलं की बरेच जण दोरी लावून मोकळे होतात, आणि मला विचाराल तर खरं काम तिथनं पुढे सुरू होतं, धनुष्याच्या पाठीवर.

पाठ म्हणजे दोरीच्या उलट बाजू, निशाणाकडे तोंड असलेली. दोरी खेचली की पोट, म्हणजे दोरीकडची बाजू, दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते, त्यामुळे धनुष्य तुटायला सुरुवात बहुतेक पाठीवरूनच होते, आधी एखादी बारीक ढलपी उठते आणि मग काही कळायच्या आत कडाड्. रंधा मारताना लाकडाचे धागे कुठेतरी कापले गेलेलेच असतात, ढलपी नेमकी तिथेच उठते. बांबूला ही भानगड नाही, सालीजवळचे त्याचे धागे सगळ्यात दाट असतात, साल बाहेरच्या बाजूला ठेवली की झालं. भिल्लांची धनुष्यं बघा, बांबूचीच, दोरीसुद्धा बांबूच्याच पट्टीची.

आपल्याकडे साधं लाकूड असेल तर पाठीवर कापड चिकटवायचं. तुर्की धनुष्यांना पाठीवर जनावरांचे स्नायू आणि पोटाला शिंग लावायचे, त्याने जोर वाढायचा. आपल्या कापडाने जोरबिर काही वाढत नाही, उलट वजन वाढून बाण किंचित हळूच जात असेल. ते असतं फक्त ढलपी दाबून धरायला आणि तुटलंच तर तुकडा पोराच्या तोंडावर येऊ नये म्हणून. थोडक्यात आईबापाची काळजी फेव्हिकॉलने चिकटवलेली. (पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरायचे, पण फ्लॅटमध्ये सरस उकळून बघा, सोसायटीची नोटीस येईल.)

कापड लिननचं असलं तर उत्तम, कारण ते ताणत नाही, नाहीतर जुन्या धोतराची पट्टी पण चालते. पट्टीचा उभा धागा धनुष्याच्या लांबीत आला पाहिजे. कापड ओलं करून पिळायचं, पाठीवर पॉलिश पेपर मारून मग फेव्हिकॉल लावायचा आणि मधल्या मुठीपासून टोकांकडे अंगठ्याने दाबत जायचं, म्हणजे खालची हवा निघून जाते, बोटाखाली फुगा लागला तर तिथेच थांबून तो कडेला ढकलायचा. मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण पोरगी दर पाच मिनिटांनी येऊन "मामा, वाळलं का?" विचारते.

त्यानंतर जवसाचं तेल. बॅटला लावतो तेच, फक्त इथे रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड घ्यायचं, ते लवकर सुकतं. आणि गंमत बघा, लिननचं कापड पण जवसाच्याच झाडाचं, विदर्भात त्याच बियांची चटणी भाकरीबरोबर खातात. पातळ हात मारायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, सुकलं की परत. पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून डब्यात कोंबू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात, बाहेर पसरून वाळवा. तेल मुरल्यावर धामणीला असा काही रंग चढतो की मी तर उगाचच येता जाता हात फिरवत होतो.

ताण मोजायला बॅगा मोजायचा हुकवाला काटा आहेच. दोरी पूर्ण खेचल्यावर पाच-सहा किलो, नऊ वर्षांच्या पोरीला भरपूर. बाणांना पुढे रबरी टोपण, आणि बाण न लावता दोरी सोडायची नाही हा नियम, त्याने धनुष्य फुटतं.

भाचीला यातलं काही दिसलं नाही. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून तिच्या डोक्यात पुली लावलेलं कंपाऊंड धनुष्य आहे. तिने पाठ बघितली, पोट बघितलं आणि विचारलं, "याला चाकं कुठायत?" शेवटी स्पोर्ट्सच्या दुकानातनं बॅटची पोपटी ग्रिप आणून मुठीवर चढवली तेव्हा कुठे मॅडम खूश, आता शाळेत सगळ्यांना सांगत फिरतेय की ग्रिप मी सिलेक्ट केली.