तीन वाजून दहा मिनिटे

इंदूरच्या आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले. ‘शालेय जीवनाच्या सर्व अंगांना स्पर्श करावा’ अशी त्यात सूचना आहे. ती मला पाळता येणार नाही, हे आधीच कबूल करते. खो-खोचे मैदान, शिवणाच्या बाई, शनिवारचे मनाचे श्लोक यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ असतील. मला लिहायचे आहे ते वरच्या मजल्यावरील चित्रकलेच्या वर्गाविषयी, आणि खरे सांगायचे तर फक्त सरांविषयी. आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे त्या काळातील कोणालाही सांगावे लागत नाही. बाकीच्या शिक्षकांना आडनाव लावावे लागत असे.

1993 साली मी नववीत होते. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील चित्रप्रदर्शनासाठी सरांनी ‘झोप’ हा विषय दिला. तोवर राजवाडा, अहिल्यादेवी, होळकरांच्या छत्र्या असे विषय असत, त्यामुळे वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर झोप, स्वप्न आणि जाग असे तीन शब्द लिहिले, पहिले तीन आठवडे कोणीही रंगाला हात लावायचा नाही असे बजावले आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

अर्थात आम्ही ऐकले नाही. मी दुसऱ्याच दिवशी झोपलेली मुलगी, तिच्या डोक्यावर कापसासारखा ढग आणि ढगात महाल, असे चित्र रंगवून नेले. सरांनी विचारले, “झोपेत तुला ढग दिसतो?” मी नाही म्हटले. “मग हा कॅलेंडरातला आहे. परत करून ये.” त्यानंतर त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून भारहूतच्या स्तूपावरील गोल शिल्पाचे छायाचित्र दाखवले. हे शिल्प आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. बुद्धाची आई मायादेवी निजली आहे, जवळ दासी बसल्या आहेत, दिवा आहे, आणि स्वप्नातला हत्ती थेट त्या पलंगापाशी उतरला आहे. त्याच्याभोवती ढग नाही, चौकट नाही. दिवा जितका खरा तितकाच हत्ती खरा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला जे कळले होते, ते आम्हां चाळीस जणांपैकी एकालाही सुचले नव्हते. पुढे कांच मंदिर या जैन देवळाच्या वाटेवरून जाताना सरांनी महावीरांच्या आईच्या, त्रिशलामातेच्या, स्वप्नांविषयीही सांगितले. श्वेतांबर परंपरेत ती चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा मानतात. “मोजलेली स्वप्नं आहेत ती, आणि प्रत्येकाला एकेक वस्तू आहे. तुम्हीही आधी वस्तू शोधा,” असे ते म्हणाले.

वस्तू शोधण्यासाठी उशाशी वही ठेवायची होती. सरांचा नियम असा की जाग आल्यावर कूस बदलायची नाही, डोळे उघडायचे नाहीत, आणि गोष्ट आठवत बसण्याऐवजी आधी एक वस्तू आणि एक रंग पकडून तेवढेच लिहायचे, कारण उठून तोंड धुवेपर्यंत स्वप्न विरून जाते. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत ‘हिरवी बादली’ याखेरीज काहीही नव्हते. विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून सरांनी आम्हांला झोपेची आवर्तने समजावून दिली. साधारण नव्वद मिनिटांचे एक आवर्तन असते, त्यात एका टप्प्यावर मिटल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलू लागतात, आणि ठळक स्वप्ने बहुधा त्याच वेळी पडतात. हे शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध केले. नवजात बालकाची जवळजवळ निम्मी झोप अशीच असते, हे ऐकल्यावर माझ्या बाकावरील मैत्रिणीने आपल्या तान्ह्या भावाच्या पाळण्याशी बसून नुसत्या पापण्यांची तीस रेखाटने केली. तिचे चित्र माझ्यापेक्षा चांगले होते, हे आज मोकळेपणाने लिहिता येते.

एका शनिवारी पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन सरांनी आम्हांला रात्री सराफ्यात नेले. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचे कीस, गराडू आणि जिलब्या मांडल्या जातात, हे इंदूरच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. पण तिथे खायचे नाही, तर कढईसमोर उभा असलेल्या माणसाचे डोळे कागदावर रेखाटायचे, असे फर्मान असल्यावर तोच सराफा वेगळा दिसतो. (खायचे नाही, हे फर्मान सरांनीच अकरा वाजता मोडले.)

मात्र ज्या प्रसंगासाठी मी हे सर्व लिहीत आहे, तो अगदी लहान आहे. साल्वादोर दाली हा चित्रकार खुर्चीत बसून बोटांत जड किल्ली धरत असे आणि खाली ताटली ठेवत असे. डुलकी लागताच किल्ली ताटलीत पडून आवाज होई आणि झोपेच्या उंबऱ्यावर दिसलेले चित्र हाती लागे, अशी त्याने सांगितलेली युक्ती सरांनी आम्हांला ऐकवली होती. आमच्या रामबागेतील दोन खोल्यांच्या घरात मी एका रात्री हा प्रयोग केला. आईची पितळी ताटली आणि घराच्या जुन्या कुलपाची वीतभर किल्ली घेतली, आणि सगळे निजल्यावर खुर्चीत बसले. कधीतरी किल्ली पडली. मला दिसले होते ते जिन्यावरून गडगडत येणारे सुताचे बॉबिन. ते वहीत उतरवण्याआधीच बाहेरच्या ओट्यावरून बाबांचा आवाज आला, “अडीच वाजलेत. झोप आता.”

घड्याळ आतल्या खोलीत होते. ओट्यावर अंधार होता.

बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची, अशी वीस वर्षे त्यांची नोकरी झाली. शरीरातले घड्याळ रोजच्या उजेडावरून जुळत असते आणि पाळी सतत बदलत राहिली की ते कधीच नीट जुळत नाही, हे मी पुढे वाचले. मिल बंद पडून तेव्हा काही काळ लोटला होता. शहरातल्या गिरण्यांचे भोंगे थांबू लागले होते, आणि बाबा दिवसा एका दुकानात हिशेब लिहीत होते. ते रात्री ओट्यावर बसून असतात, हे आईला माहीत होते. मला मात्र पितळी ताटली वाजेपर्यंत माहीत नव्हते.

हे मी सरांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझं स्वप्न राहू दे. त्यांची जाग काढता येते का बघ.” कागद कोणता घेऊ, असे विचारल्यावर त्यांनी उलट विचारले, “घरात कोणता कागद पडून आहे?” सर इंदूरचे चित्रकार चिंचाळकर गुरुजी यांना फार मानत. गुरुजींना वाळक्या पानांत आणि टाकाऊ वस्तूंत चेहरे सापडत असत, तेव्हा सरांकडून नव्या ड्रॉइंग पेपरची अपेक्षा करणेच चूक होते. आमच्या माळ्यावर मिलच्या हजेरी-कार्डांचा एक कोरा गठ्ठा होता. पिवळट, जाडसर, एका बाजूला तारखांच्या आडव्या रेघा आणि वेळेचे चौकोन. मागच्या कोऱ्या बाजूवर, खिडकीच्या फटीतून, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मी बाबांना काढू लागले. कधी गुडघ्यावर कोपर, कधी विझलेली विडी, कधी नुसती पाठ. असे चौदा रात्री, चौदा कार्डे. प्रत्येकाच्या पुढच्या बाजूला, वेळेच्या चौकोनात, मी अंदाजाने वेळ लिहीत असे.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सर्व मांडणी झाली. कार्डे दोऱ्याला लटकवली होती, म्हणजे दोन्ही बाजू पाहता याव्यात. सरांनी ती एकेक फिरवून पाहिली आणि विचारले, “वडिलांनी पाहिलीत?” मी नकारार्थी मान हलवली. सरांनी एक शब्द न बोलता चौदाही कार्डे उतरवली, पाकिटात घातली आणि मला सायकलवर मागे बसवून घरी आणले. मला वाटेत रडू आले; आठ आठवड्यांचे काम गेले, एवढेच तेव्हा कळत होते. ओट्यावर बसून सर बाबांना म्हणाले, “मुलीनं तुम्हांला न विचारता तुमची रात्र घेतली आहे. चूक माझी, मी तिला हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही नको म्हणालात तर मी इथेच ठेवून जातो.”

बाबांनी कार्डे चित्राच्या बाजूने पाहिलीच नाहीत, म्हणजे आधी नाही. ते टाइमकीपर होते. त्यांनी वेळा वाचल्या. सातव्या कार्डावर थांबून त्यांनी सरांच्या खिशातले पेन मागून घेतले, माझे ‘2.45’ एका रेघेने खोडले, ‘3.10’ लिहिले आणि सवयीने शेजारी सही केली. “मालगाडी गेली होती त्या दिवशी,” एवढेच म्हणाले. मग कार्ड उलटले आणि बराच वेळ आपली पाठ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी उठण्यापूर्वीच, पाकीट घेऊन ते शाळेत गेले होते. दोऱ्याला कार्डे त्यांनी स्वतः लावली, वेळेच्या क्रमाने. मी ती चित्राच्या क्रमाने लावली होती. त्यांचा क्रम बरोबर होता.

आज मी पुण्यात एका कला महाविद्यालयात शिकवते आणि दर दोन वर्षांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हाच विषय देते. पहिले तीन आठवडे रंग नाही, उशाशी वही, आणि दुसऱ्याची झोप काढायची असेल तर कागद हातात घेण्याआधी त्याची परवानगी. मुले आता मनगटावरच्या घड्याळातले आलेख आणतात, गाढ झोप इतकी मिनिटे, हलकी इतकी. हे यंत्र नाडी आणि हालचाल यांवरून अंदाज बांधते, प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजतात तसे मोजत नाही, हे मी सांगते. पण आलेख फेकून द्या असे म्हणत नाही, कारण सरांनी हजेरी-कार्ड फेकून दिले नव्हते. मागच्या खेपेस वसतिगृहातल्या एका मुलाने पहाटे चारपर्यंत जागणाऱ्या सोबत्याच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड काढला. तो निळा रंग मला अजून साधलेला नाही. या कामाच्या प्रदर्शनांना दोनदा पारितोषिके मिळाली, आणि दोन्ही वेळा भाषणात मी सरांचे नाव घेतले. ते ऐकायला ते नव्हते.

गेल्या वर्षी शाळेत आले होते. चित्रकलेच्या वर्गात आता संगणक आहेत, खिडक्यांना काळी काच आहे, आणि सर उभे राहत त्या खिडकीत वातानुकूलन यंत्र बसवले आहे. मुलांना संगणक हवेतच, तक्रार नाही. पण इतक्या मोठ्या इमारतीत चित्रकलेला एक खोली उरू नये, याचे मला वाईट वाटले, आणि अमृतमहोत्सवाच्या अंकात ते लिहू नये असा संकेत असला तरी लिहिते आहे.

सरांचे छायाचित्र समितीने मागितले आहे. माझ्याकडे एकही नाही. त्याऐवजी सातव्या क्रमांकाचे कार्ड पाठवीत आहे. छापताना दोन्ही बाजू छापाव्यात, आणि वेळेच्या चौकोनातील खाडाखोड डाग समजून पुसू नये, ही विनंती. काम झाल्यावर मूळ कार्ड परत हवे आहे. तेरा कार्डे बाबांकडे आहेत आणि ते मोजतात.